आमचे भाऊजी आणि दोन डावे एलेव्हेटर

"वहिनी, शेपूट तयार आहे. बघायला या," असा भाऊजींचा फोन आला तेव्हा मी खरंच हरखले होते. चार महिन्यांपूर्वी मी त्यांना घरी बांधायच्या माझ्या छोट्या विमानाच्या किटमधलं एक लांबट खोकं दिलं होतं. त्यात भोकं पाडलेले पत्रे, एका डब्यात रिवेट, एका डब्यात क्लेको नावाचे स्प्रिंगचे चिमटे आणि स्पायरल बांधणीची माझी ९२ पानी पुस्तिका. भाऊजींनी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या तपासल्या. ड्रिल मशीन त्यांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदा हातात धरलं. म्हणूनच मी त्यांची निवड केली होती.

काम सुरेख झालं होतं. रिवेटच्या ओळी सरळ, पत्र्याला एक ओरखडा नाही. एलेव्हेटरचे, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटाच्या हलत्या पट्टीचे, दोन्ही भाग टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले. मी दोन्ही उचलून आडव्या शेपटाला लावून पाहिले. एकाचा हॉर्न, म्हणजे ज्याला कंट्रोलचा दांडा जोडायचा ती पट्टी, खाली आणि दुसऱ्याचा वर. भाऊजींनी दोन डावे एलेव्हेटर बनवले होते.

"पण भोकं तर सगळी जुळली!" ते म्हणाले. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. भोकं जुळावीत अशीच मी पाडली होती. शेपटाचा छेद वर-खाली सारखा, म्हणून वरचा-खालचा, डावा-उजवा सगळीकडे एकच पत्रा चालेल अशी मी रचना केली होती आणि त्याचा मला भलता अभिमान होता. चार वेगळ्या भागांऐवजी एक भाग, एक नकाशा, एक नंबर. टूलरूममध्ये अशा गोष्टीबद्दल पाठ थोपटतात. मी बावीस वर्षं प्रेस टूल्सची डिझाइनं केली, त्यामुळे असे भाग वाचवण्याची सवय हाडात मुरलेली. पण कारखान्यात तो भाग रोज तेच काम करणारा कारागीर लावतो. इथे लावणारा माणूस ते काम आयुष्यात एकदाच करणार असतो.

स्वतःसाठी एक विमान बनवणं आणि दुसऱ्यांनी बनवायचं विमान बनवणं, यांत किती अंतर आहे ते मला त्या टेबलापाशी कळलं. त्याआधी मी पहिला नमुना स्वतः बांधला होता. तो बांधताना कुठे काही अडलं की माझं डोकंच नकाशाचं काम करायचं. किटमध्ये ते डोकं खोक्यात घालून पाठवता येत नाही.

आकडे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं. शेजारी शेजारी बसायच्या दोन जागा, पंख खाली, पुढे चाक. पूर्ण भरलेलं वजन ६०० किलो. अमेरिकेत २००४ साली आलेल्या लाइट स्पोर्ट नियमांत जमिनीवरून उडणाऱ्या विमानाला हीच मर्यादा होती आणि फ्लॅप (पंखाच्या मागच्या काठाची खाली होणारी पट्टी) न उघडता स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्याखाली पंख विमान पेलेनासा होतो तो वेग, ४५ नॉटच्या आत हवा होता. मी ही दोन बंधनं मुद्दाम स्वीकारली. बंधन नसलं की डिझाइनर सुटतो आणि वजन त्याच्याआधी सुटतं. पंखाचा विस्तार ८.८ मीटर, रुंदी टोकापर्यंत सारखी १.३६ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ १२ चौरस मीटर आणि दर चौरस मीटरवर ५० किलो भार. पंख जास्तीत जास्त १.५ इतका लिफ्ट गुणांक (उचलण्याच्या क्षमतेचा आकडा) देईल असं धरलं तर समुद्रसपाटीच्या हवेत स्टॉल येतो सेकंदाला २३ मीटरला, ताशी ८३ किलोमीटर, बरोबर ४५ नॉट. कागदावर असं बरोबर काठावर आलं की मी नेहमी घाबरते. कागद खोटं बोलत नाही, पण वजनकाट्याबद्दल त्याला काही माहीत नसतं.

पंख आयताकृती का, निमुळता का नाही, हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं गेलं. निमुळता पंख देखणा दिसतो, हे मान्य. पण आयताकृती पंखाच्या सगळ्या रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, सारख्या असतात. एका बाजूला १२, मधलं अंतर ३५० मिलिमीटर, आणि सगळ्या २४ रिब एकाच लाकडी ठोकळ्यावर वाकवता येतात. पत्रा ठोकळ्याच्या एका अंगाला ठेवला तर डावी, दुसऱ्या अंगाला ठेवला तर उजवी. शिवाय आयताकृती पंख आधी मुळाशी स्टॉल होतो, एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या) असतात त्या टोकाशी नाही, त्यामुळे वैमानिकाच्या हातात ताबा जास्त वेळ राहतो. पंखाच्या छेदासाठी मी नाका ४४१५ हा प्रमाणित आकार घेतला. त्यातला पहिला ४ म्हणजे रुंदीच्या ४ टक्के बाक, दुसरा ४ म्हणजे तो बाक पुढून ४० टक्क्यांवर, आणि १५ म्हणजे जाडी १५ टक्के. माझ्या पंखात ही जाडी २०४ मिलिमीटर येते, स्पारला, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य तुळईला, भरपूर उंची मिळते आणि उंच स्पार हलका होतो. २३०१२ हा छेद वेगासाठी चांगला, पण त्याचा स्टॉल फटकन येतो. चाळीस तासांचा अनुभव असलेल्या माणसाच्या हाती मला फटकन येणारं काही द्यायचं नव्हतं.

धातूच का, हेही लोक विचारतात. बर्ट रुटानच्या व्हेरीईझीने १९७५ मध्ये दाखवून दिलं की फोम कापून त्यावर काचेचं कापड आणि रेझिन चढवलं तर साच्याशिवाय उत्तम विमान होतं. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेनच्या आरव्ही मालिकेने तेच पत्रा आणि रिवेटने केलं. त्यातलं आरव्ही-३ १९७१ मध्ये उडालं. दोन्ही वाटांनी हजारो लोक गेले. मी पत्र्याच्या बाजूची, कारण पत्र्यातली चूक दिसते. रेझिन नीट मुरलं की नाही ते वरून कळत नाही. रिवेट वाकडा बसला तर भाऊजींनाही कळतं.

दुसऱ्याच्या हाती विमान देण्याचा विषय निघाला की मला आंरी मिन्येची आठवण येतेच. फ्रान्समधल्या या माणसाचं 'फ्लाइंग फ्ली' १९३३ मध्ये उडालं आणि घरोघरी लोक लाकूड-कापड घेऊन ते बांधायला बसले. त्यात एलेरॉन नव्हते. पुढचा पंखच बिजागरीवर हलवून नाक वर-खाली करायचं, मागे दुसरा पंख. मिन्ये स्वतः ते झकास उडवायचा. मग अपघात सुरू झाले. ब्रिटन आणि फ्रान्समध्ये पूर्ण आकाराचं विमान पवनबोगद्यात ठेवून पाहिलं तेव्हा कळलं की काही विशिष्ट स्थितीत विमान खाली झुकलं की पुढचा पंख वर करूनही नाक वर येत नाही. दोन पंखांच्या फटीतली हवा मागच्या पंखाला जास्तच उचलायची आणि डुबकी अधिक खोल व्हायची. मिन्येची हुशारी कमी होती असं मला वाटत नाही. त्याचं विमान त्याच्या हाताला ओळखत होतं. इतर बांधणाऱ्यांची इंजिनं वेगळी, वजनं वेगळी, गुरुत्वमध्य वेगळे.

आता भोकांकडे येते, कारण माझा जीव तिथेच रमतो. जुन्या पद्धतीत आधी लोखंडी जिग बनवायचा, त्यात रिब आणि स्पार ओळंब्यात उभे करायचे, वरून पत्रा घालायचा आणि मग भोकं पाडायची. जिग वाकडा तर विमान वाकडं. आताच्या किटमध्ये भोकंच जिगचं काम करतात. सीएनसी मशीनवर पत्र्यात आणि रिबच्या काठात भोकं आधीच पाडलेली असतात. ती एकमेकांवर आणून क्लेको लावत गेलं की पंख आपोआप सरळ होतो. क्लेको म्हणजे रिवेट बसेपर्यंत पत्रे धरून ठेवणारा स्प्रिंगचा छोटा चिमटा. ३.२ मिलिमीटरचा तांब्याच्या रंगाचा, त्याहून बारीक २.४ चा चांदीसारखा. पूर्ण पंखाला क्लेको लागले की तो साळिंदरासारखा दिसतो.

हे सांगायला सोपं आहे. सपाट पत्र्यात भोक ०.१ मिलिमीटरच्या आत बसतं, पण रिबचा काठ नंतर वाकवायचा असतो. वाकताना पत्रा किती ताणतो यावर भोक कुठे जाणार ते ठरतं. मी आयुष्यभर साध्या पोलादी पत्र्याची गणितं केली होती आणि त्याच सवयीने ६०६१-टी६ अॅल्युमिनियम वाकवायला घेतलं. हा मिश्रधातू सोडला की कितीतरी जास्त मागे येतो, म्हणून त्याला ९० अंशांच्या पुढे दाबावं लागतं. वाकवायची त्रिज्या लहान घेतली तर बाहेरच्या बाजूने बारीक चिरा येतात, आणि पत्रा लाटल्याच्या दिशेला समांतर वाकवला तर आणखी लवकर येतात. माझ्या पहिल्या आठ रिबमध्ये भोकं ०.४ मिलिमीटर सरकली. चाळीस शतांश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण क्लेको ओढून ओढून बसवले आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला प्रत्येक रिबपाशी एक छोटी उशी आली. बोटाने दाबलं की डब्याच्या झाकणासारखं टपकन आत, सोडलं की टपकन बाहेर. तो आवाज मला अजून स्वप्नात येतो.

त्यावर दोन उपाय केले. पत्रा ठोकळ्यावर खुंटीने पक्का बसावा म्हणून प्रत्येक रिबमध्ये दोन टूलिंग होल ठेवली आणि सगळी मापं त्यांच्यापासून घेतली. दुसरं, भोकं शेवटच्या मापाची न पाडता २.५ मिलिमीटरची पाडली. क्लेको लावल्यावर बांधणाऱ्याने ती ३.२ ची करायची. ड्रिल जाताना दोन्ही पत्र्यांतला उरलेला फरक खाऊन टाकतं. बांधणाऱ्याचं काम वाढलं, पण उशा गेल्या. मग सगळं सोडवून प्रत्येक भोकाची बर, म्हणजे काठावर उरलेली धारदार कड, काढायची, प्रायमर मारायचा, पुन्हा जोडायचं. विमानभर साडेनऊ हजार भोकं आहेत. बर काढताना माणूस तत्त्वज्ञ होतो असं भाऊजी म्हणतात.

काठापासूनच्या अंतराची गोष्ट तर सांगायलाच हवी. रिवेटच्या मध्यापासून पत्र्याच्या काठापर्यंत रिवेटच्या व्यासाच्या दुप्पट जागा हवी, हा सगळीकडचा नियम. ३.२ च्या रिवेटला ६.४ मिलिमीटर पुरतात. मी सगळीकडे ८ ठेवले. त्यामुळे काही शे ग्रॅम वजन वाढलं आणि एका अनुभवी इंजिनियर मित्राने माझी थट्टाही केली. पण कुणाचं भोक लंबगोल झालं तर त्याला पुढच्या मापाचा, ४ मिलिमीटरचा रिवेट घालता येतो, आणि त्याला बरोबर ८ लागतात. प्रत्येक बांधणारा एक तरी भोक बिघडवणार हे मी गृहीत धरलंय. ते काही शे ग्रॅम त्याच्यासाठी आहेत.

स्पार मात्र मी पूर्ण जोडूनच देते. हौशी बांधणीच्या अमेरिकी नियमांत निम्म्याहून जास्त काम बांधणाऱ्याने करायचं असतं, म्हणून कुठलं काम आपण ठेवायचं आणि कुठलं द्यायचं याचा हिशेब प्रत्येक किटवाल्याला करावा लागतो. बाकी सगळं द्या, पण ज्याच्या भरवशावर दोन जीव लोंबकळतात ते जोडकाम मला माझ्या बाकावर हवं.

ते कितपत जमलंय हे पाहायला पंख उलटा टांगून वाळूच्या पिशव्यांनी, मोडायच्या तयारीने भारला. विमान चार जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चौपट भार, सहन करेल असं ठरवलं होतं आणि त्यावर दीडपट सुरक्षा, म्हणजे सहा जी. चार जीला काहीही कायमचं वाकता कामा नये. सहा जीला वाकलं तरी चालेल, पण तीन सेकंद मोडता कामा नये. हवेत पंखाचं स्वतःचं वजन उचलेच्या विरुद्ध असतं, म्हणून ते वजा करायचं: ६०० तून पंखांचे ८० गेले, राहिले ५२०, गुणिले सहा, भागिले दोन. एका बाजूला १,५६० किलो. पंख उलटा टांगलेला असल्यामुळे त्याचं स्वतःचं ४० किलो वजन चाचणीत आपल्याच बाजूने येतं. उरली १,५२० किलो वाळू, २० किलोच्या ७६ पिशव्या. त्या सगळीकडे सारख्या रचायच्या नाहीत. हवेचा भार मुळाशी जास्त आणि टोकाकडे कमी असतो. आयत आणि लंबवर्तुळ यांची सरासरी काढली की पुरेसा जवळचा आकार मिळतो. पिशव्यांच्या जागा खडूने आखल्या. पंखाखाली माणूस नाही, कॅमेरा ठेवला.

पन्नासाव्या पिशवीला चार जी झाले. टोक १६० मिलिमीटर खाली आलं. पिशव्या उतरवल्या, टोक पुन्हा जागेवर. मग पुन्हा चढवल्या. साठ, पासष्ट. कुणी बोलत नव्हतं. अडुसष्टाव्या पिशवीला खालून बोट मोडल्यासारखा आवाज आला, मग तसेच चार-पाच. ५.४ जी. मी हात वर केला.

पंख मोडला नव्हता, पण मुळाजवळ वरच्या पत्र्याला (तो आता जमिनीकडे होता) दोन-दोन रिवेटच्या मध्ये फुगे आले होते आणि काही रिवेट उपटले होते. उड्डाणात पंखाची वरची बाजू दाबली जाते. दाबाखाली दोन रिवेटमधली पत्र्याची पट्टी छोट्या खांबासारखी वागते आणि खांब लांब असला की वाकतो. ही ताकद रिवेटमधल्या अंतराच्या वर्गाच्या उलट प्रमाणात जाते. मी अंतर ४० मिलिमीटर ठेवलं होतं, सगळीकडे सारखं, कारण सारखं छान दिसतं. मुळापासून पहिल्या चार रिबपर्यंत ते २५ केलं. एवढ्यानेच ताकद अडीच पट झाली. वर तिथला पत्रा ०.५ ऐवजी ०.६ चा घेतला. दुसऱ्या पंखाने ७६ पिशव्या तीन सेकंद नाही, वीस मिनिटं पेलल्या. आणखी घालून तो मोडतो कधी ते बघायची मला फार इच्छा होती. पिशव्या उचलणाऱ्यांना नव्हती.

नमुना पूर्ण झाल्यावर तीन काट्यांवर ठेवला. मनात धरलेलं रिकामं वजन ३२० किलो. डावं चाक १३९, उजवं १३८, पुढचं ७०. एकूण ३४७. सत्तावीस किलो जास्त! रंग ९, बैठका आणि अस्तर ५, तारा आणि उपकरणं ६, चाकांवरची आवरणं ४. उरलेल्या तीन किलोंचा हिशेब अजून लागलेला नाही. भाऊजींनाही लागला नाही, आणि त्यांचा तर धंदाच तो. दोन माणसांचे १७०, ८० लिटर पेट्रोलचे सुमारे ५८ आणि सामानाचे २० धरले तर होतात ५९५. पाच किलो शिल्लक. म्हणजे हिवाळ्यातले कोट घालून बसायचं नाही.

वजनापेक्षा मोठी काळजी गुरुत्वमध्याची होती. पंखाच्या पुढच्या काठापासून मोजायचं असं ठरवलं: मागची चाकं ०.६० मीटर मागे, पुढचं चाक ०.९५ मीटर पुढे. गणित केलं तर रिकाम्या विमानाचा मध्य ०.२८७ मीटरवर, म्हणजे पंखाच्या रुंदीच्या २१ टक्क्यांवर. ठीक. मग दोन माणसं, पूर्ण सामान आणि संपत आलेलं पेट्रोल घालून पाहिलं. २९.६ टक्के. माझी मागची मर्यादा ३०. मध्य मागे गेला की विमान हलकं-हलकं, चपळ वाटतं आणि एका मर्यादेनंतर ते स्वतःहून सरळ व्हायचं सोडून देतं. किटमध्ये हे परवडणारं नाही, कारण कुणीतरी शेपटावर रंगाचा एक थर जास्त देणार आणि कुणीतरी सामानाच्या जागी अवजारांची पेटी ठेवणार. सहा किलोची बॅटरी बैठकीमागून काढून फायरवॉलच्या, म्हणजे इंजिनामागच्या भिंतीच्या, पुढे नेली, जवळजवळ दोन मीटर पुढे. २८ टक्क्यांवर आलं. अशा गोष्टीला शिसं लावून पुढे वजन वाढवणारेही असतात. सत्तावीस किलो आधीच डोक्यावर असताना माझा हात शिशाकडे जाईना.

शिसं लावलं ते फक्त एलेरॉनला. बिजागरीच्या मागे वजन जास्त असेल तर एका वेगाला एलेरॉन आणि पंख एकमेकांना फडफडवू लागतात आणि हे फडफडणं काही क्षणांत पंख तोडू शकतं. झोडियाक सीएच ६०१ एक्सएल या किट विमानाच्या अपघातांनंतर २००९ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने ती विमानं जमिनीवर ठेवण्याची शिफारस केली होती; पुढे केलेल्या बदलांत पंखाच्या मजबुतीबरोबर एलेरॉनची वजनंही होती. माझ्या पुस्तिकेत या कामाच्या पानावर एकच ओळ जाड अक्षरात आहे: तोल रंग दिल्यानंतर साधा. रंग बिजागरीच्या मागेच जास्त बसतो.

पेट्रोलच्या प्रवाहाची चाचणी मी जवळजवळ विसरले होते. शंभर अश्वशक्तीचं रोटॅक्स ९१२ इंजिन पूर्ण ताकदीला तासाला सुमारे २७ लिटर पितं. पंपाने पेट्रोल येत असेल तर त्याच्या सव्वापट, म्हणजे ३४ लिटर यायला हवं, तेही नाक चढणीच्या कोनात वर केलेलं असताना. पुढचं चाक उतरंडीवर चढवलं, कार्ब्युरेटरची नळी काढून बादलीत सोडली आणि घड्याळ लावलं. आले ३१. काटकोनात वळणारे दोन जोड होते, तिथे प्रवाह अडखळत होता. नळी मोठ्या वळणाने नेली तर ४१ आले. इंजिन सुरू करून जमिनीवर कितीही वेळ ठेवलं असतं तरी हे कळलं नसतं. कळलं असतं ते धावपट्टी संपल्यावर.

पहिलं उड्डाण मी केलं नाही. डिझाइन करणाऱ्याने पहिल्यांदा उडवू नये असं माझं मत आहे. काही बिघडलं तर तो विमान वाचवायला जातो. अनुभवी चाचणी वैमानिकाने बावीस मिनिटं घिरट्या घालून उतरवलं आणि म्हणाला, "डावीकडे ओढतंय." फ्लॅप मोजले तर उजवा डाव्यापेक्षा ३ मिलिमीटर खाली. पुस्तिकेत मीच लिहिलं होतं, 'फ्लॅप पूर्ण बंद करून बिजागरी आवळा.' पूर्ण म्हणजे किती, ते लिहिलंच नव्हतं. आता तिथे एक लाकडी पाचर किटबरोबर येते. चाळीस तासांच्या चाचण्यांपैकी सव्वीस झाले आहेत.

मधल्या काळात एलेव्हेटरचं काय केलं ते राहिलंच. पत्र्यावर डावा-उजवा असं छापलं, ते तर झालंच. (हाताने लिहायचं तर मार्करने. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट अॅल्युमिनियमला गंजवतं आणि खरवडून लिहिलेली रेघ चिरेची सुरुवात ठरते.) पण छापलेलं कुणी वाचत नाही, म्हणून हॉर्नच्या रिबमधलं एक भोक २ मिलिमीटर बाजूला सरकवलं. उलटा लावला तर बसणारच नाही, अशा खात्रीने नवे भाग भाऊजींना दिले.

तीन आठवड्यांनी गेले तर हॉर्न पुन्हा वर. "एक भोक जरा जुळत नव्हतं वहिनी," भाऊजी म्हणाले, "गोल कानशीने थोडं मोठं केलं."

मी चिडले नाही असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. पण घरी येताना विचार केला की दोन मिलिमीटर बघून मलाही कानसच आठवली असती. एवढा फरक म्हणजे मशीनची चूक, असंच कुणालाही वाटेल. माणूस ती सुधारायला जातो आणि आपण चांगलं काम केलं असं समजतो. तिसऱ्या वेळी मी तेच भोक १२ मिलिमीटर सरकवलं.

परवा फोन आला. "वहिनी, इथे भोकच नाही हो. पाडायचं राहिलं का तुमच्याकडून?"

"भाग उलटा करून बघा, भाऊजी."

पलीकडे पत्र्याचा खडखडाट ऐकू आला, मग क्लेकोची एक टकटक, मग दुसरी.

"आलं की," ते म्हणाले.